उंदिरवाडेबाईंचा राग

उंदिरवाडेबाई काळीपिवळीत बसण्याआधी ड्रायव्हरच्या तोंडाचा वास घ्यायच्या. चोरून नाही, उघडपणे. जीपच्या खिडकीशी तोंड नेऊन "हा कर" म्हणायच्या, आणि त्याने श्वास सोडला की मगच पदर खोचून आत चढायच्या. मोहफुलांच्या दिवसांत धानोऱ्याच्या स्टँडवर त्यांनी एका सकाळी लागोपाठ तीन जीपा सोडलेल्या मी पाहिल्या. चौथी यायला दुपार झाली. तोवर त्या लसीचा निळा डबा झाडाच्या सावलीत ठेवून उभ्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी मी लाजेने अर्धमेला होऊन उभा होतो. माझ्या नोकरीचा तो दुसरा दिवस. मी हळूच म्हणालो, "बाई, बाकीचे तर बसून राह्यले ना." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बाकीचे बसले म्हून गाडी झाडाले धडकत नाई का?"

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. बल्लारपूरचा. वडील पेपर मिलमध्ये. भोंग्याबरोबर उठायचं आणि साहेब दिसला की सायकलवरून उतरायचं, हे आमच्या घरात कुणाला शिकवावं लागत नव्हतं. आरोग्यसेवक म्हणून धानोरा तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर माझी नेमणूक झाली. कमल उंदिरवाडे तिथे आरोग्यसेविका होत्या. पंचेचाळिशीच्या, बुटक्या, रुंद खांद्यांच्या, फाटक्या आवाजाच्या. गाव पोंभुर्ण्याजवळचं. आमच्याकडे नऊ खेडी होती. त्यांतलं बोरटोला हे गाव नाल्यापलीकडे. नाला म्हणायचं एवढंच. उन्हाळ्यात त्यात गुरं बसायची आणि पावसाळ्यात तो नदीसारखा फुगून वाहायचा. त्यावर पूल नव्हता. पुलाच्या भूमिपूजनाचा दगड मात्र होता, त्यावरची नावं शेवाळाने खाल्लेली.

बाई सतत चिडलेल्या असत. गावात त्यांना तिखट नर्स म्हणत. सहाव्या महिन्यात बायकोला रानात धाडणाऱ्या नवऱ्यावर त्या चिडत, सरपंचावर चिडत, सगळ्यांत जास्त माझ्यावर. एकदा एका माणसाला नाग चावला. घरच्यांनी त्याला दोन तास मांत्रिकासमोर बसवलं होतं. बाई मांडवात शिरल्या, कुणाशी वाद घातला नाही, त्या माणसाच्या काखेत हात घालून त्याला उठवलं आणि माझ्या मोटारसायकलवर माझ्या आणि स्वतःच्या मध्ये बसवलं. दवाखान्यापर्यंत त्या त्याला सारखं एकच सांगत होत्या, "हात हालवू नको, झोपू नको." तो वाचला. आठ दिवसांनी त्याचा बाप कोंबडा घेऊन आला तर बाईंनी त्याला दारातच झाडलं. कोंबडा घरी ने, आणि पुढच्या वेळी दोन तास वाया घालवू नको. म्हातारा रडवेला झाला. मी म्हणालो, बाई, तो आभार मानायला आला होता. त्या म्हणाल्या, "त्याले गोड बोलली त तो माह्यं गोड बोलणंच ध्यानात ठेवन. दोन तास इसरून जाईन."

वरच्यांशीही त्या तशाच बोलत. साहेबांच्या बैठकीत आम्ही सगळे "हो सर" म्हणून माना हलवत असू. बाई उभ्या राहून विचारत, कसं करायचं ते सांगा. गाडी कुठली, माणूस कुठला, पाणी वाढलं तर काय. साहेबांना हे प्रश्न म्हणजे उद्धटपणा वाटे. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटे. बाई सांगत, "माह्या आज्यानं दीक्षा घेतली त्या दिवसापासून आमच्या घरी कोनी 'जी मालक' म्हणत नाई. तोंडालेच येत नाई." त्यांना ते येत नव्हतं आणि मला त्यावाचून दुसरं काही येत नव्हतं.

नाल्याच्या घाटावर एक मोठा खडक होता. भिंतीवर घोषवाक्यं लिहायला आलेल्या लाल रंगाने बाईंनी त्या खडकावर एक जाड रेघ ओढून ठेवली होती. पाणी रेघेच्या वर गेलं की पलीकडे जायचं नाही, हा त्यांचा कायदा. लोक हसायचे. डोंगा चालवणारा सोमाजी तेवढा हसत नसे. तो ढिवर होता, पंचावन्नच्या आसपासचा, तळ्यातली मासेमारी आणि पावसाळ्यात हा डोंगा यावर त्याचं घर चाले. रेघ कुठे ओढायची ते बाईंनी त्यालाच विचारलं होतं.

श्रावणातला बुधवार होता. लसीकरण मोहिमेचा शेवटचा दिवस. पाणी रेघेच्या हातभर वर होतं. सकाळी तालुक्याच्या साहेबांचा बाईंना फोन आला. जिल्ह्यातून कुणीतरी पाहणीला येणार होतं आणि आमच्या तक्त्यात बोरटोल्याचा रकाना रिकामा होता. बाई म्हणाल्या, पाणी जास्त आहे, जात नाई. साहेब म्हणाले, बाकीच्या नर्स जातातच ना. "त्याहिलेच पाठवा मंग," असं म्हणून बाईंनी फोन ठेवला आणि त्या ओपीडीला बसल्या.

दहा मिनिटांनी माझा फोन वाजला. साहेब म्हणाले, तू तरी समजूतदार आहेस. मी म्हणालो, हो सर.

समजूतदार. हा शब्द आजही कानावर पडला की माझं डोकं फिरतं.

मी डबा उचलला आणि मागच्या दाराने सोमाजीच्या घरी गेलो. तो ओसरीवर जाळं शिवत होता. त्याने उठून पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाला, आज नको भाऊ, उद्या उतरते. मी म्हणालो, साहेबांचा आदेश आहे, सरकारी काम आहे. मी आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही. पण सरकारी हा शब्द मी वापरला, आणि तो त्या माणसावर काय काम करतो हे मला पक्कं माहीत होतं. आदल्या वर्षी डोंग्यातून बाळांचा वजनकाटा पाण्यात पडला होता. त्याबद्दल सोमाजीला दोन वेळा तालुक्याला बोलावून दिवसभर ऑफिसबाहेर उभं केलं होतं. "आदेश हाय का?" त्याने विचारलं. मी हो म्हणालो. त्याने छपरात खोवलेला बांबू काढला.

आम्ही डोंगा सोडणार एवढ्यात बाई घाटावर आल्या. धावत आल्या होत्या. मला त्यांनी ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहीत नाही. मी म्हणालो, तुम्ही थांबा, मी एकटा जाऊन येतो. त्यांनी विचारलं, "पोवता येते का?"

"येते," मी म्हणालो. लहानपणी खाणीतल्या पाण्यात ट्यूब घेऊन तरंगलो होतो, तेवढंच मला येत होतं.

त्या क्षणभर पाण्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी साडीचा काष्टा घातला आणि डोंग्यात चढल्या. त्या का आल्या, हे मी त्यांना पुढे कधीतरी विचारलं. "तुले एकट्याले धाडून मी घरी काय चाय पेली असती?" एवढंच उत्तर मिळालं. पण डोंग्यात बसण्याआधी त्यांनी मला बूट काढायला लावले. रेनकोट काढायला लावला. गळ्यातली पिशवी आणि खांद्याला अडकवलेला डबा दोन्ही खाली ठेवायला लावले. "अंगाले काईच बांधून ठेवू नको," त्या म्हणाल्या.

सोमाजी वरच्या अंगाने तिरका निघाला. त्याने अर्ध्याच्या पुढे आणलंही होतं. तेवढ्यात वरून मुळांसकट उपटलेलं एक झाड आलं. ते त्याने पाहिलं, बांबू रोवून डोंगा फिरवला, पण झाडाची एक फांदी पाण्याखाली होती. डोंगा कुशीवर झाला आणि आम्ही तिघंही पाण्यात पडलो.

पाण्याचा रंग चहासारखा होता आणि आवाज एवढा, की मला माझं ओरडणंही ऐकू येईना. मी खाली गेलो, वर आलो, तोंड उघडलं, तोंडात गाळ गेला. तेवढ्यात माझ्या थोबाडीत बसली. बाईंनी माझी कॉलर धरली होती आणि दुसरा हात उलट्या डोंग्यावर होता. "तोंड बंद ठेव. पाय वर घे." त्या काठाकडे बघून हाका मारत नव्हत्या. पाण्याच्या विरुद्ध हात मारत नव्हत्या. त्या पुढे पाहत होत्या, पाणी आम्हाला कुठे नेतंय ते. त्यांच्या तोंडावर भीती होतीच. मी ती हातभरावरून पाहिली. पण भीतीच्या वर एक संताप होता, आणि तो माझ्यावर होता, आणि त्या संतापाने त्यांची मूठ आवळलेली होती.

डोंग्याच्या पलीकडच्या बाजूला सोमाजी होता. तिघंही जिवंत होतो, तिघांच्याही हाताला डोंगा होता. सोमाजीचा आवाज ओसरीवर बोलावा तसा होता. म्हणाला, पुढे झाडं येतात बाई, तिथे लागू, तोवर सोडायचं नाई. आणि मग त्याला डबा दिसला. निळा डबा आमच्यापासून सातआठ हातांवर मुख्य धारेत तरंगत चालला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, डबा."

मी काही बोललो नाही. बाई ओरडल्या, "जाऊ दे तो डबा, सोमाजी. मी लिहून देईन."

"सरकारी हाय जी," सोमाजी म्हणाला, आणि त्याने डोंगा सोडला.

तो फार सुरेख पोहायचा. त्याचं डोकं आम्हाला दोनदा दिसलं. मग नाल्याचं वळण आलं.

वळणापुढे अर्जुनाची झाडं पाण्यात कमरेएवढी बुडालेली होती. बाईंनी मला एका झाडाच्या फांदीवर अक्षरशः ढकललं आणि मागून स्वतः चढल्या. तिथे आम्ही पाच तास बसलो. पुरातल्या लाल मुंग्याही त्याच झाडावर चढल्या होत्या. त्या चावायच्या आणि मी हात सोडून झटकायला जायचो. बाई म्हणायच्या, चावू दे, हात सोडू नको. थंडीने माझे दात वाजत होते. पापण्या मिटायला लागल्या तशी बाईंनी विचारलं, "बोरटोल्यात पेंटाचा दुसरा डोस कोनाचा हाय?" मला वाटलं, बाईंचं डोकं फिरलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मी एक नाव सांगितलं. "बापाचं नाव?" ते सांगितलं. "घर कुठी? मायचं माहेर कुठी?" गावातल्या चौदा मुलांची यादी त्यांनी माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतली, आणि चुकलो की शिव्या दिल्या. दुपार टळताना बोरटोल्याची माणसं दोर घेऊन आली. आधी मला उतरवलं. बाई उतरल्या आणि त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं ते असं, की सोमाजी सापडला का.

दोन दिवसांनी डबा सापडला. बांबूच्या बेटात अडकला होता, झाकण घट्ट बंद. सोमाजी तिसऱ्या दिवशी सापडला, त्याच्याही पुढे, खालच्या अंगाला.

आता इथून पुढचं जे आहे ते मला पुरापेक्षा भयंकर वाटतं.

बाईंना नोटीस आली. लस खराब होऊ दिल्याबद्दल आणि सुरक्षेची साधनं न वापरता पाण्यात उतरल्याबद्दल. तसली साधनं आम्ही जन्मात पाहिली नव्हती. मला साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. माझा जबाब टाइप होऊन तयार होता. नावाड्याने पाण्याचा अंदाज न घेता स्वतःच्या जबाबदारीवर डोंगा पाण्यात घातला, असं त्यात होतं. फोनचा उल्लेख नव्हता. आदेशाचा नव्हता. मी सोमाजीच्या ओसरीवर गेलो होतो त्याचाही नव्हता. साहेबांनी पेन पुढे केला आणि म्हणाले, तुझी नोकरी नवीन आहे. झाडावर मी पाच तास तग धरला होता. त्या खुर्चीत मला तो पाच मिनिटंही धरता आला नाही. मी सही केली.

बाईंनी केली नाही. त्यांनी साध्या कागदावर स्वतःच्या हाताने जबाब लिहिला, फोन कोणाचा आला, किती वाजता आला, काय बोलणं झालं. माझ्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. मी विचारलं, तुम्ही माझं नाव का नाही घातलं? "ते तुह्यं काम हाय. माह्यं नाई." त्यानंतर त्या माझ्याशी कामापुरतं बोलू लागल्या. सोमाजीची बायको पार्बता मदतीचा अर्ज घेऊन दोनदा तालुक्याला गेली. दोन्ही वेळा तिला माझ्या सहीचा कागद दाखवून परत पाठवलं.

चार महिन्यांनी गडचिरोलीला आमचं प्रशिक्षण झालं. बाहेरून एक व्याख्याते आले होते, चांगले कपडे, चांगला आवाज. पडद्यावर त्यांनी संकटातून वाचणाऱ्या माणसांचे गुण दाखवले. आत्मविश्वास, संयम, सकारात्मक विचार, शरीराची तयारी, आणखी दोनतीन. आणि मग म्हणाले की या सगळ्याचं जिवंत उदाहरण आज आपल्यात आहे. बाईंना स्टेजवर बोलावलं. शाल घातली. टाळ्या झाल्या. पुढच्या रांगेत आमचे साहेब होते, तेही टाळ्या वाजवत होते. बाईंनी शाल काढून घडी केली, टेबलावर ठेवली आणि माईक घेतला.

"आमच्यासंगं सोमाजी म्हून एक मानूस होता," त्या म्हणाल्या. "तुमच्या पाटीवर जे लिवलं हाय ते सगळं त्याच्यात होतं. माह्याहून जास्त होतं. तो घाबरला नाई. त्याले पोवता येत होतं. नाला त्याले घरासारखा ठाऊक होता. तो मेला. तुमी वाचणाऱ्याचे गुण सांगून राह्यले, त मले हे सांगा, सोमाजीत कोनता गुण कमी होता?"

व्याख्याते काही बोलणार तेवढ्यात साहेब पुढच्या रांगेतून म्हणाले की नावाडी स्वतःच्या जबाबदारीवर गेला होता, तसं अहवालात स्पष्ट आहे.

बाईंनी मान वळवली. मी चौथ्या रांगेत होतो. त्यांनी माझं नाव घेतलं नाही. "अहवालावर कोनाची सही हाय ते मले माहीत हाय. तो मानूस कोन्या गुणानं वाचला ते पन लिवून घ्या. काईच गुण नोता. त्याची कॉलर माह्या हातात होती." आणि त्या खाली उतरल्या.

सोमाजीत काय कमी होतं, हे त्या हॉलमध्ये मला माहीत होतं आणि साहेबांनाही. त्याला सरकारला नाही म्हणता येत नव्हतं. आणि ते त्याला येऊ नये याची आम्ही सगळ्यांनी मिळून काळजी घेतली होती. वजनकाट्यासाठी त्याला उन्हात उभं करणाऱ्याने घेतली होती, आदेश हा शब्द घेऊन त्याच्या ओसरीवर जाणाऱ्या मी घेतली होती. धैर्य, धैर्य म्हणत आजही लोक माझ्याकडून पुराची गोष्ट ऐकायला येतात. मला त्यांना हाकलून द्यावंसं वाटतं. ज्या माणसाला पोहता येतं त्याला आपण बुडवतो, आणि जो वाचला त्याला हार घालून विचारतो, कसं जमलं.

परतीच्या जीपमध्ये बाई माझ्या शेजारी बसल्या. उपकेंद्र जवळ आल्यावर बाहेर पाहत म्हणाल्या, "पार्बता घरी असते या टायमाले."

मी गेलो. बाई अंगणात उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत. पार्बता मासे साफ करत होती. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि सांगितलं, की त्या दिवशी सोमाजीभाऊ नको म्हणाले होते, मी आदेश आहे म्हणालो म्हणून ते निघाले, आणि नंतर मी खोट्यावर सही केली. हे सांगायला मला किती वेळ लागला कोण जाणे. तिचा विळीवरचा हात थांबला नाही. सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "मी आतच होती ना भाऊ त्या दिवशी. सगळं आयकलं." मग म्हणाली, "तुमी कवा येता त्याचीच वाट पाहून राह्यली होती." ती पुढे म्हणाली, "माह्यापाशी बोलून काय होते? कागदावर लिवा."

दुसऱ्या दिवशी मी दुसरा जबाब लिहिला. बाईंनी तो वाचला, एका ठिकाणी बोट ठेवलं. मी "नावाड्यास विनंती केली" असं लिहिलं होतं. त्यांनी ते खोडायला लावलं आणि "सरकारी आदेश आहे असं सांगितलं" हे लिहायला लावलं. पार्बताचा अर्ज पुन्हा उघडला गेला. तिच्या हातात काही पडायला पुढे दोन पावसाळे गेले. माझी वेतनवाढ थांबली आणि बदली सिरोंचाकडे झाली, जिथे पेशंट तेलुगूत दुखणं सांगायचा आणि मी मराठीत गोळ्या द्यायचो. बाईंना जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला टाकलं. साहेबांचं काहीच झालं नाही. काहीच नाही म्हणजे, बढती झाली.

निघायच्या दिवशी मी त्यांच्या पाया पडायला वाकलो तर त्यांनी दंडाला धरून उभं केलं. मी म्हणालो, बाई, तुमच्यामुळे जिवंत आहे. त्या पुन्हा चिडल्या. म्हणाल्या, "मंग आता रागवायले शिक. तुह्यासारखे चांगले लोक दुसऱ्याले लय महाग पडतात."

त्या निवृत्त होऊन पोंभुर्ण्याकडे गेल्या. फोनवर बोलायच्या, बहुतेक वेळा कुणावर तरी संतापलेल्या असायच्या. कधी रेशन दुकानदारावर, कधी शाळेच्या गळक्या छपरावर. परवाच्या उन्हाळ्यात हृदयविकाराने गेल्या. गावच्या विहारात शोकसभा होती. एकजण म्हणाला की कमलताई अतिशय शांत आणि मनमिळाऊ स्वभावाच्या होत्या. मला राहवलं नाही. मी उभा राहून म्हणालो, हे साफ खोटं आहे. सगळ्यांत आधी त्यांची मुलगी हसली. रडता रडता हसली. मग मी पुराची सगळी हकिकत सांगितली, माझ्या सहीसकट.

मी आता पर्यवेक्षक आहे आणि पुन्हा धानोरा तालुक्यात आहे. पूल झालेला नाही. भूमिपूजनाचा नवा दगड बसला आहे. उपकेंद्रावर एक नवीन आरोग्यसेविका आली आहे, सुनंदा, साकोलीकडची. गेल्या पावसाळ्यात मोहिमेच्या दिवशी पाणी चढलं होतं. तिला वरून फोन आला आणि तिने, आवाज कापत होता पण तिने, जमणार नाही असं सांगितलं. मग फोन मला आला. आताचे साहेब वेगळे आहेत, माझ्यापेक्षा वयाने लहान. म्हणाले, "तुम्ही अनुभवी आहात. त्या मुलीला जरा समजावा."

"हो सर" माझ्या तोंडाशी आलं होतं. एवढ्या वर्षांनीही येतं. मी सुनंदाच्या खोलीत गेलो. ती डबा भरून बसली होती, डोळे लाल. मी काही विचारायच्या आत म्हणाली, जाते सर, तुम्ही म्हणत असाल तर जाते. मी तिच्यासमोर साहेबांना फोन लावला आणि सांगितलं, ती जात नाही. ते म्हणाले, दोघांनाही लेखी द्यावं लागेल. मी म्हणालो, देतो.

चार दिवसांनी पाणी उतरलं. सुनंदा बोरटोल्याला जाऊन सगळ्या मुलांना टोचून आली. आल्यावर तिला टेबलावर नोटीस दिसली, माझीही शेजारी होती. आदेशाचं पालन का झालं नाही, असं विचारलं होतं. तिने काय लिहायचं ते मला विचारलं. मी म्हणालो, तू काही लिहू नको, आधी मी लिहितो. खुलाशात मी एवढंच लिहिलं, की पाणी जास्त होतं, आणि तिला जाऊ नको असं मीच सांगितलं.